अणुक्रमांक सतरा

चंदीगडमध्ये पत्ता सांगताना गल्ली, बोळ, मारुतीचं देऊळ, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी यांपैकी काहीही मध्ये येत नाही. येतो तो फक्त सेक्टरचा आकडा. "कुठे राहता?" "एकवीस." "नोकरी कुठे?" "नऊ." "मग जेवायला कुठे जायचं?" "पस्तीस." दोन माणसं गप्पा मारताहेत की पाढे म्हणताहेत, हे परक्या माणसाला लवकर कळत नाही. उभा जन्म बँकेत आकडे लिहिले, निवृत्त झालो, लेकीकडे राहायला आलो, तर इथे आकडेच स्वागताला उभे.

या आकड्यांची आणि रसायनशास्त्राची गाठ पडली ती नातीच्या खोलीत. नात अकरावीत आहे. तिच्या भिंतीवर आवर्तसारणीचा भलाथोरला तक्ता लावलेला आहे. ११८ घरं, प्रत्येक घराला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाचा स्वभाव वेगळा, आणि एका उभ्या रांगेत राहणाऱ्यांच्या सवयी सारख्या. मी चष्मा पुसून पाहिलं. हा तर चंदीगडचा नकाशा!

माझी आणि रसायनशास्त्राची शेवटची भेट मॅट्रिकला झाली होती. पुढे मी कॉमर्सला गेलो आणि आम्ही दोघांनीही एकमेकांची विचारपूस केली नाही. पण नकाशा हातात आला की गाव फिरावंसं वाटतंच. नातीची एनसीईआरटीची पुस्तकं ती कोचिंगला गेली की मी वाचायला लागलो. तिचं कोचिंग चौतीसमध्ये. तो सेक्टर कोचिंग क्लासनी भरून गेला आहे. तिथे रसायनशास्त्र मुलांच्या डोक्यात भरतात. मला ते फिरता फिरता गोळा करायचं होतं.

आकड्यांनी माझी चांगलीच सोय केली. सेक्टर १ म्हणजे हायड्रोजन. तिथे विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय आहे. सगळ्यांत हलका वायू आणि पेट घ्यायला सगळ्यांत तयार. राजकारणावर मी याहून जास्त बोलणार नाही. सेक्टर १० म्हणजे निऑन. तिथे सरकारी संग्रहालय आहे. निऑन कोणाशीही संयोग करत नाही आणि संग्रहालयातली माणसंही हात मागे बांधून, एकमेकांना न शिवता फिरतात. सेक्टर १२ म्हणजे मॅग्नेशियम. तिथे पीजीआय रुग्णालय, आणि पोट साफ होण्यासाठी आमच्या आईने दिलेलं मिल्क ऑफ मॅग्नेशिया मी अजून विसरलेलो नाही. सेक्टर १६ म्हणजे गंधक. तिथे झाकीर हुसेन गुलाबबाग आहे. फुलांच्या वासात गंधक कुठून, असं कोणी विचारेल. पण गुलाबावर भुरी पडली की जगभरचे माळी गंधकाचीच भुकटी मारतात. सेक्टर २६ म्हणजे लोह. तिथे धान्यबाजार आणि ट्रान्सपोर्टचा तळ, म्हणजे ट्रकच ट्रक. सेक्टर ४३ म्हणजे टेक्नेशियम. या मूलद्रव्याचा एकही समस्थानिक स्थिर नाही. आज ना उद्या प्रत्येकाला तिथून निघायचंच असतं. त्रेचाळीसमध्ये एसटी स्टँड आहे.

सगळ्यांत कडी केली ती तेराने. तेरा हा आकडा अशुभ म्हणून चंदीगडच्या आराखड्यात सेक्टर १३ ठेवलाच नव्हता. बारानंतर एकदम चौदा. आता मेंडेलीव्हने १८६९ साली आवर्तसारणीचा तक्ता मांडला तेव्हा त्यानेही रिकाम्या जागा सोडल्या होत्या, पण त्या घाबरून नव्हे. इथे कोणीतरी यायचं आहे, तो आला की बसेल, असं त्याचं म्हणणं. ॲल्युमिनियमच्या खालच्या जागेवर कोण बसणार, त्याचे गुण काय असणार, हेही त्याने आधीच सांगून ठेवलं. १८७५ साली गॅलियम सापडलं आणि मुकाट त्या जागेवर जाऊन बसलं. चंदीगडने तेरावी जागा भरायला २०२० साल उजाडू दिलं. मग मनीमाजरा या भागाला सेक्टर १३ म्हणायचं ठरलं. गंमत म्हणजे तेराला असं बाहेर ठेवलं तरी तो मागच्या दाराने आत आलाच. नकाशात नऊच्या समोर सतरा, बेरीज सव्वीस. सतराच्या समोर बावीस, बेरीज एकोणचाळीस. दोन्हींना तेराने भाग जातो. अशुभाला दारातून हाकललं की ते बेरजेत येऊन बसतं, हे बँकेत काम केलेल्या माणसाला नवीन नाही.

आणि सतरा म्हणजे क्लोरीन.

सेक्टर १७ हा या शहराचा मध्य. मोटारींना मज्जाव असलेला प्रशस्त चौक, कारंजं, चारमजली इमारतींच्या रांगा, त्यांच्या पायाशी व्हरांडे, बूट-कपडे-पुस्तकांची दुकानं, साबणाचे फुगे उडवणारे विक्रेते. क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात. आठ झाले की तो तृप्त. त्या एकासाठी त्याचा जीव कासावीस असतो. सेक्टर १७ मध्ये येणाऱ्या माणसांकडे जरा निरखून पाहा. घरी सगळं आहे, फक्त एक गोष्ट कमी आहे. एक शर्ट, एक जोड चपला, एक मोबाइलचं कव्हर. ती मिळेपर्यंत ही मंडळी व्हरांड्यांतून अस्वस्थपणे हिंडतात, मिळाली की शांत होऊन बाकावर बसतात. आवर्तसारणीतल्या सतराव्या गणातले सगळेच असे, फ्लोरीनपासून आयोडीनपर्यंत. हॅलोजन घराणंच ते.

याच सतरामध्ये सेंट्रल स्टेट लायब्ररी आहे आणि माझं खरं शिक्षण तिथे सुरू झालं. वाचनकक्षात माझ्याशिवाय प्रत्येक जण तिशीच्या आतला आणि प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या स्पर्धा परीक्षेच्या तयारीत. कोणी पटवारी होणार, कोणी बँक क्लार्क, कोणी थेट जिल्हाधिकारी. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलाने बरेच दिवस मला निरखून शेवटी विचारलं, "अंकल, आप किस एग्जाम की तैयारी कर रहे हो?"

"किसी की नहीं."

त्याने माझ्यापुढचं जाडजूड सामान्य रसायनशास्त्र पाहिलं, माझे पांढरे केस पाहिले, परत पुस्तक पाहिलं.

"फिर पढ़ क्यों रहे हो?"

त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, काळजी होती. घरच्यांना कळवावं का, असा काहीसा भाव होता. परीक्षेशिवाय रसायनशास्त्र वाचणारा माणूस म्हणजे आजारपणाशिवाय इस्पितळात जाऊन झोपणारा माणूस, असं त्याला वाटलं असावं. मी त्याला उत्तर देणार होतो, पण त्याचा अर्ध्या तासाचा मोबाइलचा गजर वाजला आणि तो 'चालू घडामोडीं'कडे वळला.

त्या मुलाला जे सांगायचं राहिलं ते इथे सांगतो. क्लोरीन हे परीक्षा न दिलेल्यांचं मूलद्रव्य आहे.

कार्ल शीले नावाचा एक मुलगा चौदाव्या वर्षी स्वीडनमध्ये एका औषधविक्याच्या दुकानात उमेदवारीला लागला. विद्यापीठाचं तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिलं नाही. दिवसा पुड्या बांधायच्या, रात्री मालकाची पुस्तकं वाचायची आणि मालकाच्याच बरण्यांतला माल वापरून पुस्तकातले प्रयोग करून पाहायचे. १७७४ साली त्याने पायरोल्युसाइट नावाच्या काळ्या खनिजावर मिठाचं आम्ल ओतलं आणि त्यातून पिवळट हिरवा, घसा धरणारा वायू निघाला. या वायूने फुलांचा आणि पानांचा रंग उडतो, हेही त्याने लिहून ठेवलं. तोच क्लोरीन. फक्त हे मूलद्रव्य आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही. शीलेची आणखी एक खोड म्हणजे तयार झालेला पदार्थ चाखून पाहणं. तो त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. स्वयंशिक्षणाचा पहिला नियम इथेच मिळतो: जिभेला प्रयोगशाळेत घेऊन जायचं नाही.

पुढे ३६ वर्षांनी, १८१० साली, हम्फ्री डेव्हीने जाहीर केलं की हे मूलद्रव्यच आहे आणि त्याला क्लोरीन हे नाव दिलं. हा डेव्हीही पेन्झान्स गावात एका वैद्याच्या हाताखाली उमेदवारी करत होता आणि लाव्हाझिएचं पुस्तक मिळवून रसायनशास्त्र आपलं आपण शिकला होता. तिसरा मायकेल फॅरडे. लोहाराचा मुलगा, लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षांचा उमेदवार. बांधायला आलेली पुस्तकं हा मुलगा आधी वाचायचा आणि मग बांधायचा. गिऱ्हाइकांची पुस्तकं उशिरा का मिळत, याचं कारण मला यात दिसतं. त्यातलंच एक जेन मार्सेट बाईंचं 'रसायनशास्त्रावरचे संवाद'. या बाईंना विद्यापीठात प्रवेशच नव्हता, कारण त्या बाई होत्या. त्यांनी डेव्हीची व्याख्यानं ऐकली, ती नीट कळेनात, म्हणून घरी समजून घेतली आणि आपल्यासारख्याच बाहेरच्या लोकांसाठी पुस्तक लिहिलं. ते एका बाहेरच्याच पोराच्या हातात पडलं.

१८१२ साली फॅरडेला एका गिऱ्हाइकाने डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्याने टिपणं काढली, त्यांचं जाड पुस्तक केलं, स्वतःच्या हाताने बांधलं आणि डेव्हीला पाठवून दिलं. त्याच सुमारास डेव्हीच्या प्रयोगशाळेत नायट्रोजन ट्रायक्लोराइडचा स्फोट होऊन त्याच्या डोळ्यांना इजा झाली आणि लिहून घ्यायला माणूस हवा झाला. म्हणजे फॅरडेला पहिलं काम मिळालं तेही क्लोरीनच्याच कृपेने! १८१३ साली तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सहायक म्हणून लागला आणि १८२३ साली त्याने क्लोरीन वायूचा द्रव करून दाखवला. सापडला शीलेला, ओळखला डेव्हीने, बाटलीत उतरवला फॅरडेने. तिघांत मिळून रसायनशास्त्राची पदवी एकही नाही. सतरामध्ये बसून मी स्वतः शिकतो आहे तो उगीच नाही, परंपरेने शिकतो आहे.

तसं पाहिलं तर या शहरातच अशी परंपरा आहे. ज्याने हे गाव आखलं त्या ल कॉर्बुझिएकडे वास्तुशास्त्राची पदवी नव्हती. तो शिकला होता घड्याळाच्या झाकणांवर नक्षी कोरायला. आणि सेक्टर १ मधलं रॉक गार्डन ज्यांनी केलं ते नेकचंद रस्तेबांधणी खात्यात निरीक्षक होते. फुटक्या बांगड्या, फुटक्या कपबशा आणि फुटकी न्हाणीघराची भांडी गोळा करून त्यांनी जंगलात चोरून बाग उभी केली. ती सरकारला कळली तेव्हा सरकारलाही काय करावं ते कळेना. शेवटी १९७६ साली ती लोकांना खुली केली. पदवीधरांनी चंदीगडला काय दिलं, यावर एक वेगळा लेख होईल. तो छोटा असेल.

हे सगळं मी आमच्या व्याह्यांना सांगितलं. व्याही पंजाबी, तळमजल्यावर राहतात, मिलिटरीतून निवृत्त. ते म्हणाले, "भाईसाहब, केमिस्ट्री आम्हाला येते. एक भाग व्हिस्की, तीन भाग सोडा." मी त्यांना सांगितलं की पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरवून सोडा करण्याची युक्ती जोसेफ प्रिस्टलीची, आणि तो मूळचा धर्मोपदेशक. व्याह्यांनी ग्लास कपाळाला लावला आणि म्हणाले, "कोणता धर्म? आपण तोच घेऊ."

घरात विरोध झाला तो वेगळ्या कारणाने. पलीकडच्या अंबाल्यात प्रयोगशाळेच्या उपकरणांचा मोठा धंदा आहे. चंचुपात्र, शंकूपात्र, परीक्षानळ्या, हवं ते मिळतं. मी नुसता विषय काढला, तर लेकीने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. जावईबापू वेबसीरिज पाहून वाढलेल्या पिढीतले. निवृत्त गृहस्थ, काचेची भांडी आणि बंद खोली या तीन गोष्टी एकत्र आल्या की पुढच्या भागात पोलीस येतात, हे त्यांना पाठ. ते अदबीने म्हणाले, "पापाजी, तुम्ही वाचा ना. वाचन फार चांगलं." शेवटी तह झाला: आग नाही, आम्ल नाही, आणि संडास धुण्याचं आम्ल व ब्लीच कधीही एका जागी आणायचं नाही. ही शेवटची अट माझ्या वाचनातूनच निघालेली होती. त्या दोघांची गाठ पडली की निघतो तो क्लोरीन वायूच. बंद मोरीत तो जीव घेऊ शकतो. घरातल्या कामवाल्या बाईंना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा मान दिला. बाकीच्यांनी अजून दिलेला नाही.

मग उरलं काय? स्वयंपाकघर. आणि इथे मराठी माणूस जन्मतःच श्रीमंत असतो. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे आपल्याकडे प्रत्येक मुलाने पाहिलेलं असतं. आम्लारी ओळखायला लिटमसचा कागद लागतो, हे आमच्या शाळेने सांगितलं. घरात हळदीचा डबा आहे, हे तिने सांगितलं नाही. हळदीत चुना घालूनच आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या कुंकू केलं. पितळी भांड्यांना कल्हई करणारा तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा आणि पांढरा धूर निघायचा. आम्ही पोरं त्या धुरात शिरायला धडपडायचो. आता वाचलं की नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापला की अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वेगळे होतात आणि भांड्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतात. तेव्हाच कथील घट्ट बसतं. लहानपणी आमच्या दारात क्लोरीन धूर सोडत होता आणि आम्हाला वाटत होतं की कल्हईवाला आला आहे.

आता इथे मला एक गोष्ट कळली ती सांगितली पाहिजे. 'स्वतः शिकलो' म्हणणारा माणूस एकटा कधीच शिकत नाही. त्याला शिकवणारे ढिगाने असतात, फक्त आपण शिकवतो आहोत हे त्यांना ठाऊक नसतं आणि म्हणून ते फी मागत नाहीत.

सतराच्या समोर बावीस. तिथल्या शास्त्री मार्केटकडे जाताना रंगारी दिसला की मी थांबतो. इकडे त्याला ललारी म्हणतात. पंजाबी बाई सूट शिवते आणि त्यावर नेमक्या छटेची ओढणी हवी म्हणून ललारीकडे येते. तो आधी ओढणीचा एक धागा ओढतो आणि काडी लावतो. कागदासारखा वास येऊन मऊ राख पडली तर सुती. केस जळल्याचा वास आला तर रेशीम. वितळून काळा मणी झाला तर पॉलिस्टर, मग त्याचे रंग वेगळे आणि उकळणं वेगळं. पुस्तकांत सेल्युलोज, प्रथिनं आणि बहुवारिकं पानोपानी पसरलेली असतात. याच्याकडे तीन काड्यांत. सुती कापड असलं की तो उकळत्या डेगीत मूठभर मीठ टाकतो. मी विचारलं, मीठ कशाला? "रंग पाणी छोड़ के कपड़े पे बैठता है, बाबूजी." पुस्तक उघडून पाहिलं तर मिठाने सुताचा आणि रंगाचा विजेचा दुरावा कमी होतो आणि रंग धाग्याला चिकटतो, असंच काहीसं लिहिलं होतं. ललारीने ते एका ओळीत सांगितलं होतं. आणि मीठ म्हणजे कोण? वजनाने साठ टक्क्यांहून जास्त क्लोरीन.

दुसरे गुरुजी सतराच्याच व्हरांड्यात भेटले. इथे एका खांबाची दुरुस्ती चालली होती. वरचं काँक्रीट फोडून आतली गंजलेली सळई उघडी केलेली. मिस्त्री बिहारचा. त्याच्याकडून कळलं की सिमेंट वाळत नाही, ते पाणी पितं. ऊन लागून घट्ट होतं म्हणणारा माणूस कामाचा नाही. सिमेंट आणि पाणी यांचा संयोग होतो, म्हणून तर दिवसदिवस पाणी मारावं लागतं आणि ताकदीची चाचणी २८ दिवसांनी घेतात. काँक्रीटमधला चुना सळईला आम्लारीच्या कवचात जपतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत राहतो, कवच उतरतं आणि सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. "और खारा पानी या खारी रेत हो, तो साहब, बिल्डिंग गई समझो," मिस्त्री म्हणाला. खारं म्हणजे क्लोराइड. सतरामध्ये तो खांबातसुद्धा शिरायला टपलेला असतो.

तिसरे गुरुजी फोनवर. माझा धाकटा भाऊ, तासगावला द्राक्षबाग. शाळा नववीपर्यंत. त्याला मी एके संध्याकाळी मोठ्या उत्साहाने मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, असं सांगायला लागलो. तो म्हणाला, "दादा, शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, एक टक्का बोर्डो झालं. मग त्यात विळा बुडवायचा. विळ्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी पडला. आणखी घालायचा. नाहीतर पानं जळतात." मी फोन हातात धरून गप्प बसलो. लोखंड तांब्याला त्याच्या क्षारातून हुसकून लावतं, हे विस्थापन मी त्याच सकाळी पाठ केलं होतं. भाऊ ते विळ्याने तपासत होता. हे बोर्डो मिश्रणही एका प्राध्यापकाला रस्त्याकडेच्या बागांत दिसलं. फ्रान्समध्ये बोर्डोच्या बागाईतदारांनी चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचा निळा-पांढरा शिडकावा केला होता. नेमक्या त्याच वेलींवर डाऊनी रोग आला नाही, हे त्या प्राध्यापक मिलार्डेच्या नजरेत भरलं आणि १८८५ साली त्याने ते प्रसिद्ध केलं. एका परीने चोरांनीही रसायनशास्त्राची सेवाच केली.

१८८५ हेच साल पंजाबलाही आठवतं. त्या साली लाहोरमध्ये पंजाब सायन्स इन्स्टिट्यूट निघाली आणि तिच्यामागे होते रुचिराम साहनी (१८६३-१९४८), लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे. वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी हे त्यांचे चिरंजीव. रुचिराम कॉलेजच्या भिंतीत मावले नाहीत. गावोगावी, बाजारांत, जत्रांत जाऊन ते पंजाबीत बोलायचे आणि बोलता बोलता प्रयोग करून दाखवायचे. साबण कसा होतो, मुलामा कसा चढतो, लाहोरकर कोणतं पाणी पितात, असे विषय. दुकानदार आणि कारागीर मंडळी पैसे मोजून ऐकायला यायची. लाहोरचं विद्यापीठ फाळणीनंतर इकडे आलं. आता ते सेक्टर १४ मध्ये आहे. रुचिरामांचा बाजार मात्र तिकडेच राहिला.

आपल्याकडेही असे लोक कमी नव्हते. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकातच रसायनशास्त्र मराठीत आणलं, म्हणजे कॉलेजच्या पायऱ्या न चढलेल्यालाही ते वाचता यावं. आणि मुंबईचे शंकर आबाजी भिसे, पुढे अमेरिकेपर्यंत पोचलेले संशोधक, यांनी चौदाव्या वर्षी घरातल्या घरात कोळशापासून गॅस करण्याचं यंत्र उभं केलं होतं. आज एखाद्या मुलाने हे केलं तर हाउसिंग सोसायटीची तातडीची सभा भरेल आणि ठरावाला अनुमोदन देणाऱ्यांत त्याचा बापच पहिला असेल.

परवा नात अडून बसली. प्रश्न असा: फ्लोरीन क्लोरीनपेक्षा जास्त आक्रमक, मग इलेक्ट्रॉन ओढून घेताना सगळ्यांत जास्त ऊर्जा क्लोरीनमध्ये का सुटते? मी तिला म्हटलं, "चल, सतरामध्ये जाऊ." चौकातल्या बाकावर बसून सांगितलं. फ्लोरीन आकाराने अगदी लहान. त्याच्या बाहेरच्या कक्षेत सात जण आधीच दाटीवाटीने बसलेले, त्यामुळे आठवा आत येऊ लागला की तेच त्याला ढकलतात. क्लोरीनचं अंगण मोठं. सात जण ऐसपैस बसलेले, आठव्याला कोणी 'सरक' म्हणत नाही. म्हणून त्याचं येणं जास्त सुखाचं होतं. नातीने चौकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आजोबा, समजलं. पण हा एक मार्काचा प्रश्न आहे. एका मार्काला एवढं कोणी शिकवत नाही."

इथेच शाळेतल्या आणि शाळेबाहेरच्या शिक्षणाची फारकत होते. शाळेत किती कळलं, ते मार्क सांगतात आणि मार्क मिळाले की विषय मिटतो. बाहेरच्याला मार्क देणारं कोणी नाही, त्यामुळे त्याचा विषय मिटायचं नाव घेत नाही आणि तो भेटेल त्याला सांगत सुटतो. लायब्ररीतल्या त्या मुलानेच एकदा मला आपण होऊन विचारलं, "अंकल, ब्लीचिंग पावडर का फॉर्म्युला?" त्याला चार पर्यायांतला एक हवा होता. मी शीलेपासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी तो खिडकीजवळच्या टेबलावर बसलेला दिसला. उत्तर 'क' होतं, एवढं त्याने जाता जाता खुणेने सांगितलं.

म्हणून मी माझ्यासाठी एक परीक्षा ठरवली आहे. तीच रुचिरामांनी बाजारात दिली होती: ज्याला उठून जायची पूर्ण मोकळीक आहे, तो शेवटपर्यंत बसला की आपण पास. सध्या माझ्या व्याख्यानाला एकच श्रोता येतो, आमचे व्याही. संध्याकाळी सतरामध्ये गोलगप्प्यांच्या गाड्याशी आम्ही उभे राहतो आणि मी सांगतो की या पाण्यात काळं मीठ आहे, म्हणजे मूळ क्लोरीनचं मीठ, पण त्यात गंधकाची संयुगं मिसळलेली, म्हणून हा उकडलेल्या अंड्याचा वास. सोळा आणि सतरा इथे शेजारी-शेजारीच नांदतात. पोटात गेलं की तिथेही हायड्रोक्लोरिक आम्ल वाट पाहत बसलेलं असतं. व्याही मान डोलावतात, तोंडातला गोलगप्पा गिळतात, "बहुत खूब, भाईसाहब!" म्हणतात आणि पुढचा द्रोण पुढे करतात. प्लेट संपली की व्याख्यान संपतं आणि दुसरी मागवली की पुढचा धडा सुरू होतो.

रुचिरामांचे श्रोते पैसे देऊन रसायनशास्त्र ऐकत. माझ्याकडे हिशोब तोच आहे, फक्त पैसे देणारी बाजू बदलली आहे.